खेळाडूचा पिंड

शाळेच्या वार्षिक क्रीडास्पर्धा आटोपल्या, की पुढले चार-सहा दिवस मधल्या सुटीत दुसरा विषय नसतो. धावण्यात पहिला कोण आला, लांब उडीत कोणी कोणाला मागे टाकले, कबड्डीच्या अंतिम सामन्यातील शेवटच्या चढाईत नेमके काय घडले, ह्याची चर्चा रंगते, आणि तिच्या ओघात एक वाक्य हमखास कानांवर येते : "त्याचा पिंडच खेळाडूचा आहे." ह्याच वाक्याचे एक भावंड आहे. ते पालकांच्या तोंडून ऐकू येते : "आमचा मुलगा पडला भिडस्त. खेळबीळ त्याला काही जमायचे नाही."

पहिले वाक्य कौतुकाचे आणि दुसरे काळजीचे असले, तरी दोहोंच्या मुळाशी समजूत एकच आहे. खेळाडूच्या स्वभावाचा म्हणून एक ठराविक साचा असतो, तो उपजतच मिळतो, आणि ज्याच्या वाट्याला तो आला नाही त्याने मैदानाच्या कडेला बसून टाळ्या वाजवाव्यात, अशी ती समजूत होय. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात ही म्हण तिच्या पाठीशी उभी असतेच. ही समजूत कितपत खरी आहे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हा प्रश्न केवळ पदकांपुरता नाही. संघनिवडीच्या दिवशी आम्ही शिक्षक ज्या मुलामुलींची नावे दहा-पंधरा मिनिटांत वगळून टाकतो, त्यांपैकी बरीच पुन्हा मैदानाकडे फिरकत नाहीत. आपला निर्णय चुकीच्या समजुतीवर उभा असेल, तर त्याची किंमत त्या मुलांना मोजावी लागते, म्हणून हा विचार अगत्याचा वाटतो.

प्रथम 'स्वभाव' म्हणजे काय ते पाहू. तापट, शांत, चिवट, धांदरट, मनमिळाऊ, एकलकोंडा अशी शेकडो विशेषणे आपण माणसांना लावतो. सन १९३६ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट ह्या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजी शब्दकोशातून असे शब्द वेचून काढले, तेव्हा त्यांची संख्या जवळजवळ अठरा हजार भरली. पुढील काही दशकांत अनेक संशोधकांनी अशा शब्दांची चाळणी केली आणि एकमेकांशी जुळणारे शब्द एकत्र आणले. शेवटी पाच मोठे स्वभावगुण उरले. पहिला, नव्या गोष्टींविषयीचे कुतूहल. दुसरा, नेटकेपणा व कर्तव्यदक्षता. तिसरा, चारचौघांत रमण्याची वृत्ती, म्हणजे बहिर्मुखता. चौथा, इतरांशी मिळतेजुळते घेण्याची वृत्ती. आणि पाचवा, मनाची चलबिचल, म्हणजे लहानसहान कारणांनी घाबरणे, खट्टू होणे. हे पाच गुण म्हणजे माणसे भरून ठेवण्याचे पाच कप्पे नव्हेत. उंची जशी प्रत्येकाला असते आणि ती कमीअधिक असते, तसेच हे गुण प्रत्येकात कमीअधिक प्रमाणात असतात.

हे गुण जन्मतः मिळतात काय? जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून असे दिसून आले आहे, की माणसामाणसांतील स्वभावभेदांचा सुमारे निम्मा वाटा आनुवंशिकतेशी निगडित असतो. म्हणजे पाळण्याची म्हण अगदीच पोकळ नाही. परंतु उरलेला वाटा संगत, अनुभव आणि परिस्थिती ह्यांचा असतो. शिवाय वयाबरोबर स्वभाव पालटतो. बहुतेक माणसे तारुण्यापासून प्रौढपणाकडे जाताना अधिक नेटकी आणि अधिक स्थिरचित्त होत जातात. तेव्हा बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या स्वभावावर कायमचा शिक्का मारणे म्हणजे आषाढातच पिकाचा अंदाज करून मोकळे होण्यासारखे आहे.

तरीही, यशस्वी खेळाडूचा स्वभाव हुडकून काढण्याचा मोह अनेकांना झाला. सन १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील ब्रूस ओगिल्व्ही आणि थॉमस टुट्को ह्या दोघा मानसशास्त्रज्ञांनी खेळाडूंसाठी एक प्रश्नावली तयार केली. जिद्द, आक्रमकता, नेतृत्व, आत्मविश्वास, शिकण्याची तयारी इत्यादी गुणांचे त्या प्रश्नावलीने मापन करावयाचे आणि त्यावरून कोणता खेळाडू चमकेल ते ओळखावयाचे, अशी ही कल्पना. ती पुष्कळ प्रशिक्षकांना आवडली व वापरातही आली. परंतु इतर संशोधकांनी तिची कसोटी पाहिली, तेव्हा तिच्या आधारे केलेली भाकिते भरवशाची असल्याचा पुरावा मिळेना. त्या काळातील अशा इतर अभ्यासांचीही थोडीबहुत हीच गत झाली. एका पाहणीत जे गुण आढळत ते दुसरीत आढळत नसत. विजेत्याचा असा एकच एक साचा काही हाती लागला नाही.

ह्याचा अर्थ स्वभावाचा आणि यशाचा काहीच संबंध नाही असा मात्र करू नये. पुढील काळातील अधिक काळजीपूर्वक केलेल्या अभ्यासांतून एक साधी गोष्ट पुढे आली आहे. वरच्या पातळीवर पोचलेल्या खेळाडूंत सरासरीने कर्तव्यदक्षता थोडी अधिक आणि मनाची चलबिचल थोडी कमी आढळते. फरक लहान आहे, आणि सरासरीचा आहे. त्यावरून एखाद्या मुलाचे भविष्य वर्तवता येत नाही. परंतु तो आपल्याला विचार करावयास लावतो. पाहा, ह्यात धिटाई नाही, गलका करण्याची हौस नाही, दुसऱ्याला दटावण्याची खुमखुमी नाही. मैदानावर चटकन डोळ्यांत भरणारे हे गुण म्हणजेच खेळाडूपणा असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात कामी येतो तो ठरल्या वेळी, ठरलेले काम, कोणी पाहत नसतानाही करण्याचा गुण.

आपल्या इंदूर शहराचाच दाखला घेऊ. कर्नल सी. के. नायडू हे होळकर संघाचे कर्णधार आणि सन १९३२ मध्ये इंग्लंडला गेलेल्या भारताच्या पहिल्या कसोटी संघाचेही कर्णधार. सन १९२६ मध्ये मुंबईस आर्थर गिलिगन ह्यांच्या इंग्लिश संघाविरुद्ध त्यांनी १५३ धावा काढल्या, त्यांत ११ षटकार होते. करारी मुद्रा, दरारा आणि गोलंदाजावर तुटून पडण्याची वृत्ती ही त्यांची ओळख. ह्याच इंदुरात ११ जानेवारी १९७३ रोजी एका मराठी कुटुंबात राहुल द्रविड ह्यांचा जन्म झाला. ते वाढले बंगळूरला. स्वभावाने मितभाषी, मैदानावरही संयत. ह्या गृहस्थांनी कसोटी सामन्यांत १३,२८८ धावा केल्या. परंतु आमच्या मते त्याहूनही बोलका आकडा दुसराच आहे. त्यांनी कसोटी सामन्यांत ३१,२५८ चेंडू खेळून काढले. इतके चेंडू दुसऱ्या कोणत्याही फलंदाजाने खेळलेले नाहीत. सन २००१ च्या मार्च महिन्यात कोलकात्यास ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारतावर २७४ धावांनी पिछाडीवर पडून लगोलग पुन्हा खेळण्याची पाळी आली, तेव्हा त्यांची नेहमीची तिसऱ्या क्रमांकाची जागा लक्ष्मण ह्यांना देऊन त्यांना सहाव्या क्रमांकावर पाठविण्यात आले. मानापमानाचा विचार करणाऱ्याला तेवढे निमित्त पुरे होते. द्रविड ह्यांनी लक्ष्मण ह्यांच्या साथीने ३७६ धावांची भागीदारी केली, १४ मार्चचा अख्खा दिवस एकही गडी पडू दिला नाही, आणि तो सामना भारताने १७१ धावांनी जिंकला. एकाच खेळात नायडूही शोभले आणि द्रविडही शोभले. मग खेळाडूचा पिंड कोणता म्हणावयाचा?

आता खेळ बदलला, की लागणारी मनोवृत्तीही बदलते. हे समजून घेण्यासाठी एका जुन्या प्रयोगाची माहिती उपयोगी पडेल. सन १८९८ मध्ये नॉर्मन ट्रिप्लेट ह्या अमेरिकन संशोधकाने मासे धरण्याच्या गळाच्या चक्रीवर दोरी गुंडाळण्याचे काम चाळीस मुलांना दिले. हे काम ती मुले कधी एकेकटी, तर कधी जोडीदाराशी चढाओढ लावून करीत. चढाओढ लागली की मुलांचा वेग वाढेल, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात वीस मुलांचा वेग वाढला. दहा मुलांवर विशेष परिणाम झाला नाही. आणि उरलेली दहा मुले अतिउत्साहाने गडबडून एरवीपेक्षाही मंदावली. काम तेच, चढाओढ तीच. परंतु मनावर झालेला परिणाम निरनिराळा. पुढे दहा वर्षांनी, १९०८ साली, यर्क्स आणि डॉडसन ह्या दोघांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून असे दिसले, की उत्तेजन फार थोडे असले तरी काम नीट शिकले जात नाही आणि फार झाले तरी बिघडते. काम जितके नाजूक, तितके उत्तेजन बेताचे हवे. माणसालाही हा नियम ढोबळ मानाने लागू पडतो. दोरीखेच खेळताना अंगात आलेला आवेश उपयोगी पडतो. तोच आवेश नेमबाजाच्या हाती बंदूक असताना आला, तर नेम चुकलाच म्हणून समजा.

कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडी ह्या खेड्यातील स्वप्नील कुसाळे ह्यांचे उदाहरण ह्या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. सन २००९ मध्ये वडिलांनी त्यांना महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल केले आणि तेथे त्यांनी नेमबाजी निवडली. पन्नास मीटर अंतरावरच्या लक्ष्यातील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास असतो अवघा १०.४ मिलिमीटर. ह्या प्रकारात गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून, अशा तीन अवस्थांत गोळ्या झाडाव्या लागतात. सन २०२३ मध्ये हांगचौ येथील आशियाई स्पर्धेत त्यांनी संघाचे सुवर्णपदक मिळविले. परंतु वैयक्तिक अंतिम फेरीत आघाडीवर असताना एक गोळी लक्ष्याच्या मध्यापासून बरीच दूर गेली आणि ते चौथ्या स्थानावर घसरले. वर्ष उलटते न उलटते तोच, १ ऑगस्ट २०२४ रोजी, पॅरिसच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत ते पुन्हा त्याच तीन अवस्थांत उभे होते. पहिल्या दोन अवस्थांनंतर त्यांचे स्थान पाचवे होते. जी अवस्था सर्वांत अवघड समजली जाते, त्या उभ्या अवस्थेत ते वर चढत गेले आणि ४५१.४ गुणांसह त्यांनी कांस्यपदक मिळविले. आधीच्या वर्षीची ती एक गोळी त्यांच्या मनात घर करून बसली असती, तर हे घडले नसते. प्रबोधिनीत पाऊल टाकल्यापासून पदकापर्यंत पंधरा वर्षे गेली, हेही विद्यार्थ्यांनी विसरू नये.

चिकाटीचा विषय निघाला असता मराठी माणसाला खाशाबा जाधव ह्यांचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. कराडजवळच्या गोळेश्वर गावी १५ जानेवारी १९२६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल. घरातच तालमीचे वातावरण. म्हणजे येथे पाळण्यातील पाय दिसले होते असे कोणी म्हणेल. परंतु १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये तांबड्या मातीत वाढलेला हा मल्ल गादीवरच्या कुस्तीला उभा राहिला, तेव्हा सारेच अपरिचित होते : गादी, नियम, गुण मोजण्याची पद्धत. त्यांचा क्रमांक सहावा लागला. सहाव्या क्रमांकाचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. 'आपली मातीच बरी' म्हणून परतता येते, किंवा जे येत नव्हते ते शिकून घेता येते. खाशाबांनी दुसरा मार्ग धरला. पुढली चार वर्षे त्यांनी कसून तयारी केली, वरच्या वजनगटात प्रवेश केला, आणि १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे येण्यास १९९६ साल उजाडावे लागले.

परंतु ह्या कथेचा अर्धा भाग सांगून थांबणे अन्यायाचे होईल. हेलसिंकीला जाण्यासाठी पैसा नव्हता. गावकऱ्यांनी वर्गणी जमविली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांच्या जिद्दीला ह्या माणसांची जोड मिळाली नसती, तर ती जिद्द कोल्हापुरातच राहिली असती. म्हणून एखाद्या मुलाच्या अपयशाचे खापर त्याच्या स्वभावावर फोडण्यापूर्वी त्याला मैदान मिळाले काय, पोटभर अन्न मिळाले काय, शिकविणारा कोणी भेटला काय, हे प्रश्न आपण स्वतःला विचारले पाहिजेत. पदक जिंकणारा जसा जिद्दीचा असतो, तसा न जिंकणाराही पुष्कळदा असतो.

आणखी एक गोष्ट : गुण कोणत्या वयात दिसावेत ह्याचेही वेळापत्रक ठरलेले नाही. सातारा जिल्ह्यातील माण तालुका म्हणजे अवर्षणाचा प्रदेश. तेथल्या मोही गावच्या ललिता बाबर शाळेत असताना खो-खो खेळत. पुढे त्या लांब पल्ल्याच्या धावण्याकडे वळल्या, आणि मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत लागोपाठ तीन वर्षे पहिल्या आल्या. त्यानंतर त्यांनी पुन्हा प्रकार बदलला आणि तीन हजार मीटर अडथळ्यांची शर्यत निवडली. सन २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंद असा नवा राष्ट्रीय विक्रम नोंदवून त्यांनी अंतिम फेरी गाठली व तेथे दहावा क्रमांक मिळविला. १९८४ साली पी. टी. उषा अंतिम फेरीत धावल्या होत्या. त्यानंतर धावण्याच्या शर्यतीत अंतिम फेरी गाठणाऱ्या त्या पहिल्याच भारतीय. खो-खोच्या मैदानावर त्यांना पाहून 'ही अडथळ्यांची शर्यत धावेल' असे कोण सांगू शकले असते?

हे उदाहरण एकांडे नाही. सन २०२१ मध्ये निरनिराळ्या देशांतील सहा हजारांहून अधिक खेळाडूंविषयीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. प्रौढ वयात जे जागतिक श्रेणीला पोचले, त्यांची तुलना राष्ट्रीय श्रेणीपर्यंतच पोचलेल्यांशी त्यात केली होती. लहानपणी जागतिक श्रेणीच्या खेळाडूंनी आपला मुख्य खेळ उशिरा सुरू केलेला होता, इतर खेळ अधिक खेळलेले होते, आणि आरंभीची त्यांची प्रगती तुलनेने मंदच होती. याउलट, कुमारवयात झटपट चमकलेल्यांनी एकच खेळ लवकर धरून त्याचाच सराव अधिक केला होता. बाराव्या वर्षी ढालीवर नाव कोरणारा आणि पंचविसाव्या वर्षी देशाचे नाव काढणारा, हे दोघे बहुधा एकच नसतात.

मग स्वभाव घडतो तरी कसा? सन २००२ मध्ये अमेरिकेतील डॅनियल गूल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑलिंपिक विजेत्या दहा खेळाडूंच्या, तसेच त्यांच्या आईवडिलांच्या आणि प्रशिक्षकांच्या मुलाखतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. भीतीला आवर घालणे, एकाग्रता, आत्मविश्वास, कष्टाची सवय, ध्येय ठरविण्याची हातोटी, दुसऱ्याकडून शिकण्याची तयारी आणि आशावाद हे गुण त्या दहाजणांत आढळले. ते कोठून आले ह्याचा शोध घेता प्रशिक्षकांची आणि घराची नावे पुन्हा पुन्हा पुढे आली. घरी कष्टाचे मोल बोलून न दाखविता वागून दाखविले जात होते, आणि मुलावरचे प्रेम निकालावर अवलंबून नव्हते.

वडीलधाऱ्यांच्या वागण्याने किती फरक पडतो, हे दुसऱ्या एका अभ्यासावरून अधिक स्पष्ट होते. रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांना बेसबॉल शिकविणाऱ्या प्रशिक्षकांपैकी काहींना अवघ्या काही तासांचे शिक्षण दिले. त्यात शिकवावयाचे ते इतकेच : चांगल्या खेळाइतकीच प्रयत्नाचीही दाद द्या, चूक झाली तर प्रथम धीर द्या आणि मग कसे करावे ते सांगा, पाणउतारा करू नका. हंगाम संपला तेव्हा ह्या प्रशिक्षकांच्या संघांनी इतरांपेक्षा अधिक सामने जिंकले होते असे नाही. परंतु ज्या मुलांना स्वतःविषयी फारसा विश्वास नव्हता, त्यांचा तो विश्वास वाढला होता. सन १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुढील अभ्यासात तर असे आढळले, की एरवीच्या प्रशिक्षकांच्या हाताखालची शेकडा २६ मुले पुढल्या वर्षी खेळ सोडून गेली. शिक्षण घेतलेल्या प्रशिक्षकांची मात्र शेकडा ५ च गेली. प्रत्येक चार मुलांमागे एक मूल मैदान सोडून जाते ते त्याचा पिंड खेळाडूचा नसतो म्हणून, की आपण त्याला चुकल्यावर काय बोललो म्हणून?

येथे आम्हांस स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी मुलींच्या खो-खो संघाची निवड आमच्याकडे होती. निवडीच्या दिवशी मैदानाभोवती दाटी झाली होती. आठवीतील एक मुलगी पहिल्याच पाळीत दोनदा पाय अडखळून पडली. 'हिच्यात धीर नाही' असे मनाशी ठरवून आम्ही तिच्या नावावर काट मारली आणि तो विषय विसरून गेलो. ती मात्र विसरली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी सर्वांच्या आधी मैदानावर येई, फक्कीने रेषा आखू लागे, आणि सराव सुरू झाला की बाजूला एकटीच पळण्याचा अभ्यास करी. महिन्याभराने एका खेळाडूस ताप आला, म्हणून नाइलाजाने आम्ही तिला संघात घेतले. तो सामना आम्ही हरलो. परंतु संरक्षण करताना ती मुलगी तीन मिनिटांहून अधिक वेळ प्रतिपक्षाच्या हाती लागली नाही. सामन्यानंतर आम्ही तिला विचारले, "निवडीच्या दिवशी काय झाले होते ग?" ती म्हणाली, "सर, त्या दिवशी सगळ्या वर्गातल्या मुली बघत होत्या."

ट्रिप्लेटच्या चाळीस मुलांपैकी गडबडून मंदावणाऱ्या दहांत ही मुलगी बसली असती. तिच्यात धीर नव्हता असे नव्हे. लोकांसमोर उभे राहण्याची सवय तिला नव्हती, आणि सवय लावता येते. महिनाभर न सांगता, न चुकता पहाटे येणाऱ्या मुलीची कर्तव्यदक्षता आमच्या डोळ्यांसमोर होती, पण आम्ही ती पाहिली नाही. कारण आम्ही निराळेच काही शोधत होतो. तेव्हापासून संघाची निवड एका दिवसात न करता तीन आठवड्यांच्या सरावावरून करण्याचा प्रघात आम्ही ठेवला आहे, आणि त्यात उपस्थितीचीही नोंद धरतो.

विद्यार्थिमित्रांनो, आता थोडे तुमच्याशी. स्वभाव एका दिवसात पालटत नाही, परंतु सवय लावून घेता येते, आणि सवयींनीच स्वभावाला हळूहळू वळण लागते. एक लहानशी वही ठेवा आणि आज किती पळालो, काय चुकले, उद्या काय करावयाचे, एवढे तीन ओळींत लिहा. ध्येय असे ठरवा की जे तुमच्या हाती आहे. 'मी पहिला येईन' हे तुमच्या एकट्याच्या हाती नाही, कारण शेजारी धावणाराही धावणारच. 'गेल्या महिन्यापेक्षा एक सेकंद कमी घेईन' हे पुष्कळसे तुमच्या हाती आहे. स्पर्धेपूर्वी छाती धडधडू लागली तर लाजू नका. ती मोठमोठ्या खेळाडूंचीही धडधडते. श्वास सावकाश सोडा, आणि सरावात जे जसे करता ते त्याच क्रमाने करा. सरावही अधूनमधून चारचौघांसमोर करा, म्हणजे स्पर्धेच्या दिवशी माणसे नवी वाटणार नाहीत. चूक झाली तर तिचा हिशेब सामना संपल्यावर करा. मध्ये करू नका. आणि निदान चौदा-पंधरा वर्षांचे होईपर्यंत दोन-तीन निरनिराळे खेळ खेळा. मात्र चिकाटीच्या नावाखाली दुखऱ्या पायाने धावण्याचा हट्ट धरू नका. दुखते ते सरांना किंवा घरी सांगणे ह्यातही शहाणपण आहे.

पालकांसही एक विनंती. कॅरोल ड्वेक व क्लॉडिया म्यूलर ह्यांनी १९९८ साली पाचवीतल्या मुलांविषयीचे काही प्रयोग प्रसिद्ध केले. कोडी सोडविल्यावर काही मुलांना 'तू हुशार आहेस' असे म्हटले, तर काहींना 'तू चांगली मेहनत घेतलीस' असे म्हटले. नंतर अवघड कोडी देऊन अपयश येऊ दिले. हुशार म्हणविली गेलेली मुले लवकर खचली. मेहनतीची दाद मिळालेली मुले नेटाने कोडी सोडवीत राहिली. प्रयोग कोड्यांचा होता, मैदानाचा नव्हे, तरी त्यातला बोध मैदानावरही विचारात घेण्याजोगा आहे. मूल सामना खेळून घरी आले, की आपण बहुधा पहिला प्रश्न विचारतो : "जिंकलास का?" त्याऐवजी "आज काय नवे जमले?" असे विचारून पाहावे. आणि मुलाच्या देखत "हा भिडस्त आहे, ह्याला जमायचे नाही" असे पाहुण्यांना सांगणे तर सोडूनच द्यावे. मूल ते ऐकते, आणि खरे मानते.

खेळाडूचा पिंड उपजत की घडविलेला, ह्या प्रश्नाचे उत्तर असे : थोडा उपजत, पुष्कळसा घडणारा, आणि एकाच घाटाचा कधीच नाही. पाळण्यात पाय दिसत असतीलही. परंतु ते चालावयास लागतात अंगणात, धावावयास लागतात मैदानावर, आणि तेथवर जाण्याचे दार उघडे ठेवणे आपणा सर्वांच्या हाती आहे. येत्या वर्षी निवडीच्या यादीत ज्यांचे नाव लागणार नाही, त्यांना आमचे एवढेच सांगणे, की दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर या. फक्कीची पिशवी कोठे ठेवलेली असते, ते आम्ही दाखवू.